बाळाचा फॉर्म्युला कुणी आणायचा, आणि फूड प्रोग्रॅमचे पैसे पुरतात का?

प्रश्न असा आहे. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या बाजूला घरीच डेकेअर सुरू करणाऱ्या एका ताईंना नुकतंच लायसन्स मिळालं आहे. पहिल्याच महिन्यात दोन तान्ही बाळं येणार आहेत, एक चार महिन्यांचं आणि एक आठ महिन्यांचं. त्या विचारतात, फॉर्म्युला, म्हणजे बाळाचं डब्यातलं पावडरचं दूध, मी विकत घ्यायचा की आईवडिलांनी आणायचा? डेकेअरमधल्या मुलांच्या खाण्यासाठी सरकारच्या फूड प्रोग्रॅमचे पैसे मिळतात म्हणे, पण आमच्या भागाला कमी दर आहे, मग एवढ्या कागदपत्रांत पडण्यात अर्थ आहे का? बाळांच्या खाण्याचे पैसे फीमध्येच धरायचे की वेगळे लावायचे?

मी याच भागात १४ वर्षं घरी डेकेअर चालवते आहे आणि त्यातली १२ वर्षं फूड प्रोग्रॅममध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते. प्रोग्रॅममध्ये जा, दर कमी असला तरी जा. फॉर्म्युला तुम्ही ठेवा, पण तो घ्यायचा की नाही हे आईवडिलांना ठरवू द्या आणि त्यांनी जे ठरवलं ते त्यांच्या सहीने लिहून घ्या. खाण्याचे पैसे वेगळे लावू नका. आणि बाळ किती पितं, कधी पितं, याचा हिशेबाच्या वहीशी, म्हणजे प्रोग्रॅमसाठी रोजची जेवणं लिहायच्या वहीशी, संबंध जोडू नका. बाळ आधी पितं, वही नंतर लिहायची.

ज्याला आपण सगळ्याजणी फूड प्रोग्रॅम म्हणतो त्याचं पूर्ण नाव चाइल्ड अँड अ‍ॅडल्ट केअर फूड प्रोग्रॅम. १९६८ मध्ये तो प्रायोगिक म्हणून सुरू झाला आणि १९७८ मध्ये कायमचा झाला. पैसा केंद्राच्या शेतीखात्याचा, म्हणजे यूएसडीएचा. राज्यात तो सांभाळणारं खातं वेगळं असतं. कॅलिफोर्नियात आधी शिक्षण खातं होतं, २०२१ पासून सोशल सर्व्हिसेस खातं आहे. आपल्यासारख्या घरगुती डेकेअरला मात्र या खात्याकडे थेट जाता येत नाही, मध्ये एक स्पॉन्सर संस्था लागते. ती आपल्याला शिकवते, आपले महिन्याचे कागद तपासते, राज्याकडे पाठवते आणि पैसे आले की आपल्याला देते. पुष्कळजणींना वाटतं की ही संस्था आपल्या पैशांतून कमिशन कापते. तसं नाही. घरगुती डेकेअरच्या स्पॉन्सरला कामाचे पैसे सरकारकडून वेगळे मिळतात आणि जेवणाचे पैसे पूर्णच्या पूर्ण आपल्या हातात यायला हवेत. कुणी कापत असेल तर विचारा, लाजू नका.

आता दर. १९९६ च्या कायद्यानंतर घरगुती डेकेअरचे दोन गट झाले, टियर वन आणि टियर टू. ज्या शाळेच्या हद्दीत तुमचं घर आहे तिथली निदान निम्मी मुलं फुकट किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, किंवा तुमच्या स्वतःच्या घरचं उत्पन्न गरिबीरेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत असेल, तर टियर वन. नाहीतर टियर टू. आपल्या भागात घरांच्या किमती आणि शाळांचे आकडे पाहता बहुतेकजणी टियर टूमध्येच जातात. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षाचे दर धरून बोलू (दर जुलैत थोडे बदलतात). टियर वनला न्याहारीचे १.६६ डॉलर, जेवणाचे ३.१५ आणि मधल्या खाण्याचे ०.९३. टियर टूला हेच ०.६०, १.९० आणि ०.२६. एका मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त दोन जेवणं आणि एक मधलं खाणं, किंवा एक जेवण आणि दोन मधली खाणी, एवढंच धरता येतं. म्हणजे न्याहारी, दुपारचं जेवण आणि मधलं खाणं धरलं तर टियर वनला दिवसाचे ५.७४ आणि टियर टूला २.७६ होतात.

महिन्याचे २१ दिवस धरा. टियर वनला एका बाळामागे साधारण १२० डॉलर, टियर टूला ५८. आता तुमच्या चार महिन्यांच्या बाळाकडे पाहा. सकाळी साडेआठला येतं, साडेपाचला जातं, मध्ये तीन बाटल्या, सरासरी पाच औंसांच्या (एक औंस म्हणजे साधारण ३० मिली). दिवसाला १५ औंस, महिन्याला ३१५. पावडरच्या लहान डब्यातून साधारण ९० औंस दूध तयार होतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डबे. एक डबा २० डॉलरचा धरला तर ७० डॉलर. टियर वनला ५० उरतात, टियर टूला १२ पदरचे जातात. हा आकडा पाहून माझ्या ओळखीच्या दोघीतिघी प्रोग्रॅममध्ये आल्याच नाहीत. त्यांचं गणित चुकलं नव्हतं. फक्त त्यांनी एकाच बाळाचं आणि एकाच बाटलीचं गणित केलं होतं.

कारण त्या वहीत मोठी मुलंही असतात, आणि सगळीच बाळं तुमचा डबा पीत नाहीत. आईने पंप करून दिलेलं दूध तुम्ही पाजलंत तरी त्या जेवणाचे पैसे तेवढेच मिळतात. आईवडिलांनी स्वतःच्या पसंतीचा फॉर्म्युला आणला तरी मिळतात. खर्च तुमचा शून्य, पैसे पूर्ण. ते पैसे कशाचे, असं एका बाबांनी मला थोड्या रागानेच विचारलं होतं. मी त्यांना त्या दिवशीची दुपार सांगितली. बाटली फ्रीजमधून काढायची, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा, बाळाला मांडीवर घेऊन वीस मिनिटं पाजायचं, मध्ये दोनदा ढेकर काढायचा, वेळ आणि औंस लिहायचे, बाटली धुऊन उकळायची. तेवढ्या वेळात बाकीच्या तीन मुलांकडेही लक्ष हवं. ते ऐकून घेत होते, आणि दुसऱ्या दिवसापासून बाटल्या नाव-तारीख लिहून आणायला लागले.

आता फॉर्म्युला कुणी आणायचा याकडे येते. प्रोग्रॅमचा नियम साफ आहे. तुमच्याकडे किमान एक लोहयुक्त फॉर्म्युला असला पाहिजे आणि तो प्रत्येक बाळाच्या घरच्यांना देऊ केला पाहिजे. घ्यायचा की नाही हा निर्णय त्यांचा. स्पॉन्सरकडे यासाठी एक पानाचा फॉर्म असतो: तुम्ही कुठला फॉर्म्युला ठेवता ते वर, आणि खाली पालकांनी ‘घेऊ’, ‘आम्ही आणू’ किंवा ‘आईचं दूध देऊ’ यातलं निवडून सही करायची. उष्टावण झाल्यावरच्या खाण्यासाठीही तसाच रकाना असतो. ‘आमच्याकडे सगळे आपापलंच आणतात’ असं तोंडी सांगून चालत नाही. तुम्ही देऊच केला नाहीत तर ते सगळं जेवण कापलं जातं.

कुठला ठेवायचा? मी दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा साधा, गाईच्या दुधावरचा, लोहयुक्त डबा ठेवते. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फॉर्म्युल्यात कुठले पोषक घटक किमान किती असावेत हे १९८० च्या कायद्यापासून ठरलेलं आहे, त्यामुळे महाग डबा म्हणजे जास्त पोषण, असं निरोगी बाळाच्या बाबतीत समजायचं कारण नाही. आईवडिलांना मी हे सांगते, पण आग्रह करत नाही. पहिलटकरणीला बाळाचं दूध बदलायची भीती वाटते आणि ती भीती खरी असते. ज्या डब्यावर बाळ रुळलं आहे तोच तिला हवा असेल तर तिने आणावा, मी तोच पाजते. सोयाचा किंवा लॅक्टोजशिवायचा लोहयुक्त फॉर्म्युला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. खास आजारासाठीचा असेल तर लागते, ती आधीच मागून घ्या.

एक गोष्ट मात्र कधी करू नका. काही कुटुंबांना विक या, कमी उत्पन्नाच्या आया-बाळांसाठीच्या सरकारी योजनेतून फॉर्म्युला मिळतो. तो त्यांनी आपणहून आणला तर पाजा. पण ‘तुम्हाला फुकट मिळतो ना, मग तुम्हीच आणा’ असं म्हणायचं नाही. तो डबा त्या घरातल्या रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या बाटल्यांसाठी असतो आणि महिन्याच्या शेवटी तो पुरवून पुरवून वापरावा लागतो. २०२२ मध्ये मिशिगनमधला मोठा कारखाना बंद पडला आणि देशभर फॉर्म्युल्याचा तुटवडा झाला, तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. एका आईने मला हळूच विचारलं, एक चमचा पावडर कमी घातली तर चालेल का? मी नाही म्हटलं. पातळ दुधाने बाळाच्या अंगातल्या क्षारांचं प्रमाण बिघडतं, आकडीसुद्धा येऊ शकते. त्या आठवड्यात मी माझ्या कपाटातला सीलबंद डबा तिच्या पिशवीत ठेवला. तेव्हापासून प्रत्येक बाळामागे दोन बंद डबे मी कायम ठेवते, तारीख पाहून पुढे-मागे करत.

आईच्या दुधाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण त्यात मी स्वतः चुकले होते.

माझ्याकडे एक बाळ होतं, पाच महिन्यांचं. आई दोन मैलांवरच्या ऑफिसात. पंप करून तिला फार कमी दूध यायचं, तीन औंस काढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाळ अंगावर मात्र छान प्यायचं. म्हणून ती रोज बाराला गाडी काढून यायची. चपला दारात, हात धुवायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. पहिली दोन मिनिटं ती घड्याळाकडे पाहायची. मग बाळाची मूठ तिच्या कुर्त्याच्या काठावर उघडायची आणि तिचे खांदे खाली यायचे. पाऊण वाजता ती परत. मी तिला पाण्याचा तांब्या आणि एक वाटी काहीतरी खायला ठेवायचे. असं सात महिने चाललं, आणि त्या सातही महिन्यांत मी ते जेवण वहीत धरलं नाही, कारण ‘मी पाजलं नाही, मग पैसे कसे मागायचे?’ असं मला वाटत होतं. पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणात कळलं की आईने तुमच्या घरी येऊन अंगावर पाजलं तरी ते पूर्ण जेवण म्हणून धरतात. नियम २०१७ च्या ऑक्टोबरपासून तसा आहे. किती औंस प्यायलं हे लिहायचं नसतं, फक्त ‘आईने पाजलं’ एवढंच. पैशांचं मला फार वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की हा नियम मला माहीत असता तर मी आणखी चार आयांना ‘दुपारी या, खुर्ची आहे’ असं स्वतःहून सांगितलं असतं. आता प्रत्येक नव्या आईला पहिल्या भेटीतच ती खुर्ची दाखवते.

आईच्या दुधाला आणखी एक सवलत आहे. शून्य ते पाच महिन्यांच्या बाळाला एका जेवणाला चार ते सहा औंस द्यावेत असं प्रोग्रॅमचं कोष्टक आहे. पण अंगावरच्या दुधावर वाढणारी काही बाळं एका वेळी दोन-अडीच औंसच पितात आणि पुन्हा लवकर मागतात. अशा बाळाला चारपेक्षा कमी ओतलंत तरी चालतं, भूक लागली की पुन्हा द्यायचं. हे लक्षात ठेवा, कारण चार औंस ओतून दीड औंस बेसिनमध्ये टाकणं म्हणजे त्या आईची अर्धी रात्र टाकण्यासारखं आहे. मी तर आयांना दोन-दोन औंसांच्या छोट्या बाटल्या भरायला सांगते.

वेळेचंही तसंच. तान्ह्या बाळाला भूक लागली की पाजायचं, घड्याळ पाहून नाही. मोठ्या मुलांच्या जेवणाची वेळ साडेअकरा असली आणि बाळाने एक वाजता प्यायलं, तरी ते त्याचं दुपारचं जेवण म्हणून धरता येतं. झोपलेल्या बाळाला वहीसाठी उठवायची गरज नाही. आणि चौथी बाटली मागितली तर तिचे पैसे मिळणार नाहीत, तरी ती द्यायचीच, यात विचार करण्यासारखं काही नाही.

सांभाळायची पद्धत थोडक्यात: ताजं पंप केलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस, तयार केलेला फॉर्म्युला फ्रीजमध्ये २४ तास. बाळाचं तोंड लागलेल्या बाटलीतला उरलेला फॉर्म्युला तासाभरात टाकायचा, आईचं दूध असेल तर दोन तासांत. मायक्रोवेव्हमध्ये बाटली कधी ठेवायची नाही, एका बाजूने गार आणि मधोमध कढत होते. बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव, तारीख, वेळ. दोन बाळांच्या बाटल्यांचे फ्रीजमध्ये वेगवेगळे कप्पे ठेवा, वेगळ्या रंगाच्या टोपल्या घ्या.

तुमचं आठ महिन्यांचं बाळ हा निराळा विषय आहे. इथे डब्याचा खर्च कमी होत जातो आणि तुमचा वेळ वाढत जातो. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला जेवणाला सहा ते आठ औंस दूध, त्यासोबत चार टेबलस्पूनपर्यंत खास बाळांसाठीचं लोहयुक्त तयार सिरियल किंवा मटण-मासे-अंडं-शिजवलेली डाळ-कडधान्य यांपैकी काही, आणि दोन टेबलस्पूनपर्यंत भाजी किंवा फळ. मधल्या खाण्याला दोन ते चार औंस दूध, थोडा ब्रेड किंवा क्रॅकर किंवा सिरियल, आणि भाजी-फळ. बाळ तयार असेल तरच द्यायचं, म्हणून कोष्टकात सगळीकडे ‘शून्यापासून’ लिहिलेलं असतं. फळांचा रस एक वर्षाच्या आत अजिबात धरत नाहीत.

पालकांनी यातला एकच घटक आणला तर जेवणाचे पैसे मिळतात. म्हणजे दूध त्यांचं असेल तर सिरियल, डाळ, भाजी सगळं तुमचं असायला हवं. दूधही त्यांनी आणलं आणि गाजराची प्युरीही त्यांनीच आणली, तर ते जेवण धरता येत नाही. इथे बऱ्याचजणी अडकतात, कारण आपल्या आया घरून डबा देतातच. मी त्यांना सांगते, दूध तुमचं, बाकी माझ्याकडे सोडा. घरचं काही खास द्यायचं असेल तर ते वरचं म्हणून द्या, मी खाऊ घालेन, पण कोष्टकातलं सगळं मी दिलेलं असेल.

आता आपल्या स्वयंपाकघराचा प्रश्न, ज्याचं उत्तर इंग्रजी पुस्तिकेत सापडत नाही. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली एक आजी नातवाला सोडायला यायची. एक दिवस तिने स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. आत घरी मोड आणून, वाळवून, वस्त्रगाळ केलेलं नाचणीचं सत्त्व. ‘आमच्या बाळाला हेच दे हो, त्या डब्यातलं सिरियल नको.’ मी ते सत्त्व शिजवून बाळाला रोज दोन चमचे दिलं. पण वहीत ते धरलं नाही, कारण सिरियल म्हणून धरायला ते लोह घातलेलं तयार सिरियलच लागतं, घरची नाचणी कितीही चांगली असली तरी नाही. त्याऐवजी मी मुगाची डाळ घट्ट शिजवून, चमच्याने मोडून, मोजून वाटीत घेत असे आणि ती धरत असे. डाळीचं पाणी चालत नाही, डाळ दिसली पाहिजे. खिमटही तसंच: तांदूळ आणि डाळ एकत्र मऊ शिजवलं की त्यात डाळ किती हे तपासणाऱ्या बाईंना कळत नाही. म्हणून डाळ वेगळी शिजवा, मोजा, मग हवं तर भातात कालवा. नुसता मऊ भात बाळाच्या जेवणात घटक म्हणून धरत नाहीत, पोट भरायला जरूर द्या. शाकाहारी घरांत डाळ, शिजवलेली कडधान्यं आणि दही यावर सगळं निभतं. मी मसूर, मूग आणि कुस्करलेला राजमा आलटून पालटून देते. भाजीत लाल भोपळा, गाजर, रताळं, दुधी. मीठ-साखर नाही.

त्याच आजीने एकदा मधाचं बोट लावायला सांगितलं होतं. तिथे मी ऐकलं नाही. वर्षाच्या आत मध नाही, गुटीत उगाळून नाही, नावालाही नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. गाईचं दूधही पेय म्हणून वर्षानंतरच. दही मात्र उष्टावणानंतर चालतं. आजी दोन दिवस नाराज होती, मग तिने माझ्याकडून लाल भोपळ्याची पद्धत लिहून घेतली. वर्ष पुरं झालं की फॉर्म्युल्यावरून साध्या पूर्ण दुधावर यायला एक महिना मिळतो. आईचं दूध वर्षानंतरही चालू असेल तर तेही दूध म्हणून धरतात.

इथे एक गोंधळ होतो तो सांगते. आपल्या लायसन्सच्या नियमात दोन वर्षांखालचं मूल म्हणजे इन्फंट, आणि छोट्या घरगुती डेकेअरमध्ये फक्त इन्फंट ठेवायचे तर चारच. फूड प्रोग्रॅममध्ये इन्फंट म्हणजे बारा महिन्यांखालचं. चौदा महिन्यांचं मूल लायसन्सच्या मोजणीत इन्फंट आणि जेवणाच्या कोष्टकात मोठं. दोन तक्ते शेजारी शेजारी लावून ठेवा.

पैशाकडे परत येते. प्रोग्रॅममधल्या जेवणाचे पालकांकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत, आणि घेऊही नयेत. फी ठरवतानाच खाणं त्यात धरा आणि करारात एक ओळ लिहा: फॉर्म्युला व खाणं फीत समाविष्ट आहे, पालकांनी स्वतःचं दूध आणलं तर फी कमी होणार नाही. ही दुसरी अर्धी ओळ मी सुरुवातीला लिहिली नव्हती आणि एका घराशी त्यावरून कटुता आली. बाळांची फी तशीही मोठ्या मुलांपेक्षा जास्त असते, डब्यामुळे नाही, हातांमुळे.

टियर टूमध्ये असाल तरी एक वाट आहे. तुमच्याकडच्या एखाद्या मुलाच्या घरचं उत्पन्न मर्यादेत असेल, तर त्या मुलापुरते टियर वनचे दर मिळू शकतात. त्यांचा उत्पन्नाचा फॉर्म ते थेट स्पॉन्सरला पाठवू शकतात, तुम्हाला दाखवायची गरज नाही. हे पालकांना सांगा, त्यांचा संकोच निघून जातो. तुमचं स्वतःचं मूल घरात असेल तर त्याचं जेवण तुमच्या घरचं उत्पन्न मर्यादेत असेल तरच धरता येतं, आणि तेही बाहेरचं एखादं मूल त्या जेवणाला हजर असताना.

टॅक्सच्या वेळी प्रोग्रॅमचे पैसे उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात, हे ऐकून पुष्कळजणी घाबरतात. पण समोर खाण्याचा खर्च वजा होतो, आणि पावत्या जपायच्या नसतील तर आयआरएसचा, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याचा, ठरलेला दर वापरता येतो. तो दर सगळ्यांना टियर वनचाच आहे, तुम्ही टियर टूमध्ये असलात तरी. म्हणजे २०२५ साठी दुपारच्या जेवणाचे तुम्हाला १.९० मिळाले, तर वजावट ३.१५ ची. शिवाय वजावटीत दिवसाला न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि तीन मधली खाणी धरता येतात, प्रोग्रॅमने पैसे दिले असोत वा नसोत. ती खरोखर तुम्ही दिलेली मात्र हवीत. आईने आणलेल्या दुधाचा खर्च तुमचा नाही, त्यावर वजावट घेऊ नका. स्वतःच्या मुलाचे पैसे उत्पन्नात येत नाहीत आणि त्याच्या खाण्याची वजावटही नाही.

राहिली वही, ज्याची सगळ्यांना धास्ती आहे. माझी आई सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होती. खिचडीचं पातेलं उतरलं की ती आधी हजेरीचं रजिस्टर भरायची, मग हात धुवायची. मला लहानपणी ते विचित्र वाटायचं. इथे पहिल्या वर्षी मी वही शुक्रवारी बसून आठवून लिहायचे. एका मंगळवारी दुपारी एक वाजता स्पॉन्सर संस्थेच्या बाई न सांगता आल्या. वहीत सोमवार कोरा, मंगळवारची सकाळ कोरी. मुलं समोर जेवत होती, पण लिहिलेलं नव्हतं म्हणून ती जेवणं कापली गेली आणि मला सुधारणेचं पत्र आलं. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. वर्षातून किमान तीन भेटी असतात, त्यातल्या दोन न सांगता. आता फ्रीजवर कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल असते. बाटली बेसिनमध्ये ठेवली की खूण. रोज मला यात पाच-सात मिनिटं जातात. सगळे कागद तीन वर्षं आणि चालू वर्ष जपायचे.

तुमच्या दोन बाळांपुरतं सांगायचं तर या आठवड्यात स्पॉन्सरला फोन करा, कारण करार होऊन मंजुरी मिळेपर्यंतच्या जेवणांचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. तुमच्या पत्त्यावरून कुठला टियर लागतो ते त्यांना शाळेच्या आकड्यांवरून तपासायला सांगा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका. दोन रस्ते सोडून टियर बदललेला मी पाहिला आहे. दोन्ही आईवडिलांना फॉर्म्युल्याचा फॉर्म पहिल्या दिवसाआधी द्या. चार महिन्यांच्या बाळाच्या आईला विचारा, तिचं ऑफिस किती लांब आहे. आणि खिडकीजवळ हात टेकायला जागा असलेली एक खुर्ची ठेवा.